ऑर्डर आली, आता मुलांचं काय?

मे महिना लागला की या सदराकडे आलेल्या पत्रांचा विषय मला पाकीट फोडायच्या आधीच कळतो. राज्य सरकारी नोकरांच्या बदल्यांचा २००५ चा कायदा सांगतो की एका जागी साधारण तीन वर्षं, आणि बदल्या एप्रिल-मेमध्ये. बँकांच्या ऑर्डरीही याच सुमारास निघतात. भाड्याची घरं तर बारा महिने बदलतच असतात. म्हणून या वेळचं सदर याच पत्रांना.

‘मावशी, तुम्हाला यातलं काय कळतं?’ असं कुणी विचारण्याआधी सांगून टाकते. माझे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर. पैठणला जायकवाडीचं धरण उभं राहत होतं तेव्हा आम्ही तिथल्या कॉलनीत होतो. मग त्यांना डाव्या कालव्यावर टाकलं. हा कालवा दोनशे किलोमीटरहून लांब. तो जसा पुढे सरकला तसं आमचं बिऱ्हाड सरकलं, आधी अंबड, मग पाथरी. त्यानंतर उजनीवर, भीमानगरला. पुढे लग्न झालं तेही बँकेतल्या माणसाशी! तेव्हा सुतळी, गोणपाट आणि शाळेचा दाखला या विषयांवर मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

मावशी, माझे मिस्टर राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत. प्रमोशन मिळालं आणि नांदेडहून थेट कणकवलीला टाकलं. मुलगी आता आठवीत जाईल, मुलगा दुसरीत. सासूबाई म्हणतात, मुलांची शाळा मोडू नका, तो राहील एकटा. हे म्हणतात, तू ठरव. त्यातच भावाने फोनवर बातमी पाठवली की लहानपणी घरं बदललेल्या मुलांना मोठेपणी डिप्रेशन येतं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. – स., नांदेड

आधी त्या बातमीचा निकाल लावू. तो डेन्मार्कमधला अभ्यास असणार, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे १९८२ ते २००३ या काळात जन्मलेल्या दहा लाखांहून अधिक लोकांच्या सरकारी नोंदी तपासल्या. वयाच्या १० ते १५ वर्षांत ज्यांनी एकदा घर बदललं, त्यांच्यात मोठेपणी नैराश्याचं निदान होण्याचं प्रमाण एका जागी राहिलेल्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त निघालं. दोन किंवा अधिक वेळा बदललं त्यांच्यात सुमारे ६१ टक्क्यांनी. अगं, याचा अर्थ शंभरातली एकसष्ट मुलं आजारी पडतात असा नव्हे. मुळात थोड्यांनाच जे होतं ते त्यांच्याशिवाय आणखी काही जणांना झालं, इतकाच. शिवाय लोक घर बदलतात ते काही फक्त प्रमोशन मिळालं म्हणून नाही. कुणाचा संसार मोडलेला असतो, कुणाची नोकरी गेलेली असते. अभ्यास करणारे हे वेगळं काढायचा प्रयत्न करतात, पण सगळंच काही निवडून बाजूला काढता येत नाही.

तरी बातमी फेकून देऊ नकोस. तिच्यात तुझ्या कामाची गोष्ट आहे ती वयाची. तुझा दुसरीतला मुलगा या हिशेबात बसतच नाही. त्याला आई, बाबा आणि सायकल एका जागी दिसली की त्याचं गाव वसलं. प्रश्न मुलीचा आहे. अमेरिकेत २०१० मध्ये सात हजारांवर प्रौढांचा एक अभ्यास आला होता. लहानपणी पुन्हा पुन्हा घर बदललेल्यांमध्ये पुढच्या आयुष्यातलं समाधान कमी दिसलं, पण हा फरक अंतर्मुख, स्वतःत राहणाऱ्या माणसांत होता. बोलघेवड्यांना फारसा फटका बसलेला नव्हता. आता तू मला सांग, तुझी लेक कशी आहे? पत्रात तिची इयत्ता आहे, ती कशी आहे हे कुठेच नाही. सासूबाईंचं मत आहे, नवऱ्याचं आहे, भावाची बातमी आहे. तिला कुणी विचारलं का?

विचारायचं म्हणजे ‘जाऊ या ना आपण?’ असं नाही. त्याला मुलं ‘हो’च म्हणतात. तिला विचार की इथून जायचं तर काय सुटेल. आपल्याला वाटतं शाळा सुटेल. मुली सांगतात क्लासच्या बाई, कथ्थक, शेजारच्या घरातलं मांजर. जे सुटणार ते तिथे मिळतंय का, हे शोधायला तुझ्याकडे अजून महिना आहे.

आता ‘तो राहील एकटा’ याबद्दल. हे वाक्य ऐकायला फार समजूतदार वाटतं. ह्यांची बदली गडहिंग्लजला झाली तेव्हा मी आणि मुलं लातूरलाच राहिलो होतो, त्यामुळे त्याची किंमत मला माहीत आहे. पैशाची सांगत नाही, दोन घरांची भाडी तू मांडशीलच. घर बापाशिवाय चालायला शिकतं. प्रगतिपुस्तकावर सही आईची. गॅसवाला, प्लंबर, पालकसभा, ताप, सगळं आईचं. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. नांदेड-कणकवली म्हणजे त्यातला अर्धा वेळ प्रवासातच जाणार. दमून आलेल्या माणसासमोर कुणी भांडण काढत नाही, कुणी खरं बोलत नाही, सगळे मिळून त्याला चिकन खायला घालतात. मुलांना बाबा गोड वाटू लागतात आणि आई कटकटी. दहावी-बारावी असेल तर हे सोसावं. तुझ्याकडे तशी अडचण नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जायचं, आणि आत्ताच जायचं. तीन वर्षं धरली तर मुलीची आठवी, नववी, दहावी कणकवलीत पुरी होते आणि पुढची ऑर्डर अकरावीच्या तोंडावर येते. हिशेब इतका नीट जुळून येणं बदलीवाल्यांच्या नशिबात क्वचित असतं. या वर्षी थांबलीस आणि पुढच्या जूनमध्ये ‘आता नाही राहवत’ म्हणून नववीत उचललंस, तर ते वाईट. ती मात्र खरोखरच मिटलेली, दोनच मैत्रिणींवर जगणारी पोर असेल आणि ‘नको’वर ठाम असेल, तर मला पुन्हा लिही. मग वेगळं बोलू.

राज्य मंडळाची शाळा असेल तर पुस्तकं तीच. बालभारती १९६७ मध्ये सुरू झाली आणि मी पहिलीत गेले तेही त्याच वर्षी. पुढे अंबडला अर्धवट सोडलेला धडा पाथरीला त्याच पानावर पुढे सुरू झाला तेव्हा मला केवढा धीर आला होता! सेमी इंग्रजी असेल तर मात्र कणकवलीच्या शाळेत आठवीला सेमीची तुकडी आहे का, हे आधी फोन करून पक्कं कर.

शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तिथेच, कारकुनाच्या टेबलासमोर उभी राहून वाच. नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी, जन्मठिकाण, जात-पोटजात, सगळं आधार आणि जन्मदाखल्याशी जुळतंय का. आज पाच मिनिटांत होणारी दुरुस्ती दहा वर्षांनी जात पडताळणीच्या वेळी दोन जिल्ह्यांत हेलपाटे घालायला लावते. यू-डायसवरचा, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला, मुलांचा कायम क्रमांक लिहून घे. नवी शाळा आता ऑनलाइन मागणी पाठवते आणि जुन्या शाळेने ती मान्य करावी लागते, म्हणून सुट्टीत कुणाला फोन लावायचा तेही विचारून ठेव. गॅसचं ट्रान्सफर व्हाउचर विसरू नकोस.

आणि सामान मेमध्येच हलव. जूनमध्ये कोकणात गाद्या उतरवायच्या म्हणजे त्या पुढच्या दिवाळीपर्यंत वाळत नाहीत. नांदेडच्या माणसाला हे सांगून पटत नाही.

सगळ्यात राहून जातं ते निरोपाचं. मोठ्यांना सेंडऑफ असतो, नारळ-शाल असते, भाषणं असतात. मुलं मात्र निकाल घेऊन घरी येतात आणि जूनमध्ये वर्गात दिसत नाहीत. माझ्या आईने पैठण सोडताना एक गोष्ट केली होती. कोरी पोस्टकार्डं आणून त्यांवर आमचा नवा पत्ता माझ्याकडूनच लिहून घेतला आणि मैत्रिणींच्या हातात द्यायला लावली. त्यांनी फक्त मजकूर लिहायचा आणि पेटीत टाकायचं. बहुतेकींनी टाकली नाहीत. दोघींनी टाकली, आणि मला दोघी पुरल्या. तुझ्या मुलीला स्वतःचा फोन नसेल तर मैत्रिणींच्या आयांचे नंबर तिच्या वहीत उतरवून दे. गणपतीत किंवा दिवाळीत एकदा नांदेडला आणायचं कबूल कर आणि आरक्षण उघडलं की लगेच तिकीट काढ. नुसत्या कबुलीवर बदलीवाल्यांच्या मुलांचा विश्वास नसतो.

सासूबाईंनाही घेऊन जा. ‘मुलांची शाळा’ म्हणताना त्या स्वतःचंही काही सांगत असतील.

आम्ही ठाण्यात भाड्याने राहतो. दर अकरा महिन्यांनी घरमालक एकतर भाडं वाढवतो, नाहीतर घर रिकामं करायला सांगतो. मुलगा चौथीत आहे. परवा त्याने चित्रकलेच्या वहीत ‘माझे घर’ म्हणून टेम्पो काढला. बायको रडली, मला हसू आलं, त्यावरून भांडण झालं. सारखं घर बदलणं टाळता येईल का? – एक वाचक, ठाणे

तुम्ही दोघंही बरोबर होतात. चित्र जपून ठेवा.

अकरा महिन्यांची ही जी प्रथा आहे तिला महाराष्ट्रात आता काही अर्थ उरलेला नाही. वर्षभरापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून लोक अकरा महिन्यांवर थांबत. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, शिवाय मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. म्हणजे अकरा महिने लिहून त्याची नोंदणी काही वाचत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा भाडेकरार ६० महिन्यांपर्यंतचा करता येतो.

तेव्हा पुढच्या वेळी छत्तीस महिन्यांचा करार मागा. दरवर्षी भाडं किती वाढणार ते आकड्यात लिहून घ्या आणि ठरलेल्या काळापर्यंत मालकालाही घर रिकामं करायला सांगता येणार नाही, अशी अट घाला. पुष्कळ करारांत ही बेडी फक्त भाडेकरूच्या पायात असते. मालक कुरकुरेल. त्याला सांगा की दर वर्षी एजंटची दलाली, रंगकाम आणि मधला रिकामा महिना यात त्याचाच तोटा आहे. मालकांना मुलांच्या चित्रांनी पाझर फुटत नाही, याने फुटतो.

तरीही बदलावं लागलं तर घर बदला, शाळा नका बदलू. नकाशावर शाळा मध्ये ठेवून घर शोधा. दोन स्टॉप लांब, एक खोली लहान, चालेल. ठाण्यात हे भाड्याच्या दृष्टीने महाग पडेल हे कबूल. पण मुलाच्या बाकावरचा शेजारी तोच राहिला, तर टेम्पो त्याच्या दृष्टीने गंमतच आहे.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दसऱ्यानंतर वर्ग रिकामा होऊ लागतो. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात जातात, मुलं सोबत जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. तुमच्या सदरात बदलीच्या नोकरीवाल्यांची पत्रं येतात, आमच्या मुलांचं घर दर वर्षी दोनदा बदलतं. पालकांना मुलं गावी ठेवा म्हणून सांगावं का? – एक शिक्षक

गुरुजी, चपराक बरोबर बसली. आमच्या बदलीला भत्ता होता, सरकारी ट्रक होता आणि पोचल्यावर नळाचं पाणी असलेलं क्वार्टर होतं. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला निघालेल्या जोडप्याला पोचल्यावर आधी कोपी, म्हणजे राहायची झोपडी, उभारावी लागते.

तुम्हाला ठाऊक असलेलंच इतर वाचकांसाठी लिहिते. गाव सोडताना मुलाच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, त्यावरून साखर कारखान्याच्या भागातल्या शाळेने त्याला दाखल करून घ्यायचं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तर असं म्हणतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता येत नाही. अडचण कागदाची कमी आणि अंतराची जास्त. उसाचा फड एकीकडे, शाळा दुसरीकडे, आणि कोपीवर धाकट्याला सांभाळायला थोरलीच लागते. म्हणून पत्रक देताना टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर आणि टोळी कुठल्या कारखान्याला चालली ते लिहून घ्या आणि तिथल्या केंद्रप्रमुखांना तुम्हीच फोन करा. पत्रक पिशवीच्या तळाशी जातं, फोन आलेला मास्तर एकदा तरी कोपीवर चक्कर मारतो.

गावी ठेवा म्हणून सांगावं का? हंगामी वसतिगृह तुमच्या गावात खरोखर चालत असेल, जेवण वेळेवर असेल, तर मुलग्यांच्या बाबतीत जरूर सांगा. मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची सरकारी वसतिगृहं तालुक्याला निघाली आहेत, तिथे जागा आहे का ते जूनमध्येच विचारा, दसऱ्याला विचारून उपयोग नाही. मुलीच्या बाबतीत मात्र ‘मागे ठेवा’ म्हणण्याआधी रात्री ती कुणाजवळ झोपणार हे विचारा. आजी धडधाकट आहे का, की तीच आजीला सांभाळणार आहे? मागे राहिलेल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरीची आईबापांना धास्ती वाटते आणि त्या धास्तीतून लग्नं लागतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. याला माझ्याकडे सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. घरागणिक बघावं लागेल, आणि ते बघणारा माणूस गावात बहुधा तुम्ही एकटेच आहात.

मार्चमध्ये मुलं परत येतात तेव्हा त्यांना वर्गाच्या पानावर आणण्याची घाई करू नका. कारखान्यावर किती टनाला काय दर, खेप किती, काटा कसा मारतात हे त्यांना तोंडपाठ असतं. गुणाकार तिथून सुरू करा.

मावशी, वडील पोलिसात होते. जन्म परभणीचा, शाळा हिंगोली, जालना, धुळे, कॉलेज पुणे. मूळ गाव पंढरपूर तालुक्यात, तिथे मी लग्नाकार्यापुरता गेलोय. आता माझा बायोडेटा बनतोय आणि सगळे विचारतात, ‘गाव कुठलं तुमचं?’ काय लिहू? – वय २७, पुणे

आपल्याकडे गाव विचारणारा बहुतेक वेळा गाव विचारत नसतो. आडनावावरून जातीचा अंदाज लागला नाही की तो गावाकडे वळतो, तिथून मामाच्या आडनावाकडे. त्याला कितपत दाद द्यायची ते तू ठरव. बायोडेटात ‘मूळ गाव’समोर पंढरपूर तालुका लिही, ते खोटं नाही. ‘बालपण’ असा एक रकाना स्वतः वाढव आणि त्यात चारही गावं लिही. तो रकाना वाचून ज्या मुलीला पुढे काही विचारावंसं वाटेल, तिला आधी भेट. पोलीस लाइनीत वाढलास म्हणजे एका भिंतीपलीकडचं भांडण ऐकून न ऐकल्यासारखं करणं तुला येतं. संसारात ते गावापेक्षा जास्त उपयोगी.

मी आठवीत आहे. जूनमध्ये आम्ही अकोल्याहून कोल्हापूरला जाणार आहोत. माझं बोलणं ऐकून तिथली मुलं हसतील का? – ओळख छापू नये

हसतील. तू ‘काय करून राहिला बे’ म्हणालास की सगळा वर्ग वळून बघेल. मी पाथरीहून भीमानगरला गेले तेव्हा माझ्याकडूनही मुद्दाम तीच तीच वाक्यं बोलवून घेत. पण पंधरा दिवसांत ते तुझंच एखादं वाक्य एकमेकांना मारू लागतील आणि तू ‘नाद खुळा’ म्हणू लागशील. घरी मात्र वऱ्हाडी सोडू नकोस. दोन्ही येणारा माणूस नक्कल उत्तम करतो आणि वर्गात नक्कल करणाऱ्याला कुणी छळत नाही.

आणखी एक कामाचं सांगते. कोल्हापुरात फुटबॉल चालतो. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने असले की लोक दुकानं सोडून जातात. जाण्याआधी नियम नीट शिकून घे, ऑफसाइड म्हणजे काय तेही. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस, खंडोबा ही संघांची नावं पाठ कर. मात्र आपला संघ कुठला हे लगेच सांगू नकोस. तुझ्या बाकावरचा मुलगा कुठल्या पेठेतला आहे, ते आधी काढून घे.